बोर्ड येतो, चित्र मागून येतं

चिंचपाडा हे सुरत–भुसावळ मार्गावरचं, नवापूर सोडल्यावर नंदुरबारकडे जाताना लागणारं लहान स्टेशन. बाहेरगावचा माणूस इथे उतरतो तो बहुतेक ख्रिश्चन हॉस्पिटलसाठी. ही लाइन एकेरी होती तेव्हा समोरची गाडी जाऊ देण्यासाठी पॅसेंजर बाजूला उभी राहायची, आणि किती वेळ ते कोणालाच माहीत नसायचं. मग दुसरा रूळ टाकायचं काम निघालं. खडी पडली, स्लीपर आले, रूळ अंथरले गेले, तरी गाडी जुन्याच रुळावरून जायची. सिग्नल, पॉइंट, विजेच्या तारा, तपासणी हे सगळं व्हायचं होतं. उधना ते जळगाव दुहेरीकरण आणि विद्युतीकरण देशाला अर्पण झालं ते १६ फेब्रुवारी २०१९ ला, धुळ्यात.

२०२३ च्या दिवाळीत भाचा घरी आला. नुकताच रास्पबेरी पाय ५ बाजारात आला होता आणि त्याच्याकडे पहिल्या पगाराचे पैसे होते. "मामा, नवीन पाय घेऊ का? कोडी चालेल ना त्याच्यावर? का थांबू?" मला तो अंथरलेला, गाडी न धावणारा रूळ आठवला. त्याला तेव्हा मी अर्धवट उत्तर दिलं. पुरं उत्तर द्यायचं तर गेल्या बारा-तेरा वर्षांत प्रत्येक नव्या बोर्डाच्या वेळी काय घडलं हे एकदा नीट मांडायला हवं, आणि ही वाट बघणं आमच्यासारख्या गावात नेमकं कशासाठी असतं हेही.

आधी दोन शब्दांची ओळख. बोर्ड म्हणजे रास्पबेरी पायसारखा, पत्त्यांच्या कॅटएवढ्या पाटीवरचा पूर्ण संगणक. टीव्हीच्या मागे चिकटवावा, मोबाइलच्या चार्जरसारख्या चार्जरवर चालवावा. कोडी म्हणजे त्या संगणकाला टीव्हीवरचं चित्रघर बनवणारं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर. पेनड्राइव्हवरचे सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ, फोटो, गाणी, ट्यूनर लावला तर डिशवरचे चॅनलसुद्धा ते एका पडद्यावर मांडतं. त्याच्यात स्वतःचा सिनेमा एकही नसतो. चोरीचे सिनेमे भरून 'फुल लोडेड' म्हणून विकल्या गेलेल्या डब्यांनी कोडीचं नाव खराब केलं, पण ते डबे विकणाऱ्यांचं काम होतं, कोडी लिहिणाऱ्यांचं नव्हे.

कोडीचं मूळ २००२ मधलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे बघता यावेत म्हणून काही हौशी प्रोग्रामरांनी ते सुरू केलं. एक्सबॉक्सवरून ते लिनक्सवर गेलं, मग जवळजवळ सगळीकडे. २०१४ मध्ये जुनं एक्सबीएमसी हे नाव टाकून ते कोडी झालं. २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला रास्पबेरी पाय ३५ डॉलरला विकायला आला आणि या दोघांची जोडी जमली. त्या पहिल्या पायचा प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी. कागदावर हे फारच दुबळं यंत्र. पण त्याच्या ब्रॉडकॉम चिपमध्ये व्हिडिओकोअर नावाचा वेगळा भाग होता आणि तो १०८० ओळींचा, एच.२६४ या प्रकारातला व्हिडिओ एकट्याने उलगडायचा. मुख्य प्रोसेसरला फक्त मेनू दाखवायचा असायचा. एवढ्या स्वस्त पाटीवर एवढं स्वच्छ चित्र ही त्या वेळी खरोखर नवलाची गोष्ट होती. रास्पबीएमसी, ओपनइलेक, एक्सबियन अशा तयार प्रती निघाल्या: मेमरी कार्डावर लिहा, लावा, बघा.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली एक गोष्ट आमच्याकडच्या लोकांना जास्त लागू होती. ती जुनी झाली तरी मी पुन्हा पुन्हा सांगतो. पायच्या चिपमध्ये एमपेग-२ हा जुना प्रकार उलगडायची सोय होती, पण पेटंटची फी किंमतीत धरलेली नसल्याने ती कुलूपबंद ठेवलेली होती. ज्याला हवी त्याने २ पौंड ४० पेन्स भरून किल्ली घ्यायची. ती किल्ली त्या एकाच बोर्डाच्या अनुक्रमांकाला जोडलेली. दुसऱ्या बोर्डाला दुसरी. युरोप-अमेरिकेत हा जुन्या डीव्हीडी बघणाऱ्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे दूरदर्शनची फुकट डिश, म्हणजे डीडी फ्री डिश, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि तिचे बहुतेक चॅनल एमपेग-२ मध्येच येत राहिले. म्हणजे ज्या घरात महिन्याचं रिचार्ज परवडत नाही, कौलावर एक डिश आणि खाली सह्याद्री वाहिनी एवढीच ज्याची करमणूक, त्याच घराला पायवर चॅनल बघायला पौंडातली किल्ली लागायची. ऑनलाइन परदेशी पैसे भरायला त्या काळी गावात किती जणांकडे कार्ड होतं? एमपेग-२ चं अमेरिकेतलं शेवटचं पेटंट संपलं फेब्रुवारी २०१८ मध्ये.

आता मुख्य प्रश्न. बोर्ड दुकानात आला, कोडी तर आधीपासून आहे, मग मधले महिने जातात कुठे?

'सपोर्ट आला' हे दोन शब्द फसवे आहेत, कारण त्यांच्या खाली चार-पाच मजले असतात. सगळ्यात खाली बोर्ड जागा करणारं फर्मवेअर. त्यावर लिनक्सचा कर्नेल; त्याला बोर्डावर कुठे काय आहे याचा नकाशा द्यावा लागतो. मग व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाचा ड्रायव्हर. मग एफएफएमपेग, जे फाइल उघडून कोणता तुकडा कोणाकडे द्यायचा ते ठरवतं. मग कोडी. आणि सगळ्यात वर, हे सगळं एका कार्डावर बसवून देणारी मंडळी: लिब्रेइलेक, ओएसएमसी. खालचा मजला हलला की वरच्या प्रत्येकाला आपली भिंत पुन्हा बांधावी लागते. बोर्ड सुरू होतो, मेनू दिसतो, गाणं वाजतं, इथवर बहुधा काही आठवड्यांत येतं. पण सिनेमा लावला की चित्र अडखळतं, किंवा आवाज पुढे आणि ओठ मागे, किंवा रंग धुतलेले. माणूस म्हणतो सपोर्ट नाही, बनवणारा म्हणतो आहे. दोघंही आपापल्या मजल्यावरून खरं बोलत असतात.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं रास्पबेरी पाय ४ च्या वेळी. तो २४ जून २०१९ ला आला आणि बहुतेकांना धक्का देऊन आला. त्याआधी पाय बनवणाऱ्या कंपनीची मंडळी २०२० ची भाषा बोलत होती. चिपची आवृत्ती अपेक्षेआधीच नीट जमली म्हणून बोर्ड लवकर बाहेर काढला असं त्यांनीच सांगितलं. कागदावर तो चित्रघरासाठीच जन्मलेला: ४के पडदा, दोन मायक्रो एचडीएमआय, एचईव्हीसी हा नवा व्हिडिओ प्रकार उलगडायला खास वेगळा भाग. लिब्रेइलेकने त्याच दिवशी चाचणीची प्रत दिली. हा मोठा पराक्रम होता. पण एचडीआर रंग, सिनेमाघरासारख्या आवाजाचे मोठे प्रकार हे त्यात नव्हतं. ते नीट आलं लिब्रेइलेक १० मध्ये, ऑगस्ट २०२१ ला. मधे २६ महिने गेले.

या २६ महिन्यांत कोणी झोपलेलं नव्हतं. जुन्या पायवर कोडी ब्रॉडकॉमच्या खास, बंदिस्त वाटेने चित्र उलगडायचं. ती वाट फक्त पायसाठी होती आणि तिच्यासाठी कोडीत वेगळा कोड सांभाळावा लागायचा. नव्या चिपवर तिच्यात पुढे जायला जागा उरली नव्हती. दरम्यान लिनक्सच्या कर्नेलमध्ये सगळ्या बोर्डांना चालेल अशी एकच सामाईक वाट घडत होती. कोडी १९ च्या वेळी, २०२१ च्या सुरुवातीला, जुनी खास वाट काढून टाकली गेली आणि सगळे सामाईक वाटेवर आले. निर्णय बरोबर होता असंच मी म्हणेन. एका बोर्डासाठी वेगळी गल्ली सांभाळण्यात मूठभर स्वयंसेवकांची वर्षं जात होती.

पण त्याची किंमत कोणी मोजली ते बघा. लिब्रेइलेक १० मध्ये पाय ४ ची चंगळ झाली, आणि पाय २ व पाय ३ बाहेर राहिले. ते परतले ते नंतर. पहिला पाय आणि पाय झिरो मात्र कायमचेच गेले. त्यांचा प्रवास ९.२ च्या मालिकेत संपला. म्हणजे नव्या बोर्डाची वाट बघणाऱ्यांची जेवढी चर्चा झाली, तेवढ्याच काळात जुना बोर्ड असलेले लोकही थांबलेलेच होते. आमच्या भागात हातात असलेला बोर्ड बहुधा जुनाच असतो, सुरतेच्या किंवा पुण्याच्या कोणा नातेवाइकाने वापरून दिलेला.

ओएसएमसीची गोष्ट थोडी वेगळी, आणि मला ती जास्त माणसाची वाटते. रास्पबीएमसी सुरू करणाऱ्या सॅम नाझार्को या तरुणानेच पुढे ओएसएमसी उभं केलं. ते डेबियनवर आधारलेलं आहे, म्हणजे चित्रघराबरोबर पूर्ण संगणकही हाताशी. त्यांचा स्वतःचा व्हेरो नावाचा डबा आहे आणि त्याच्या विक्रीवर बरंचसं काम चालतं. तिथे पाय ४ साठी लोकांनी वर्षाहून जास्त वाट पाहिली. बनवणारे म्हणत होते, अर्धवट प्रत देणार नाही. कोडी १९ ची नवी वाट स्थिर होऊ द्या. लोक चिडले, काही सोडून गेले. मी दोन्ही बाजूंचा विचार केला. अर्धवट प्रत द्यायची आणि रोज तक्रारी ऐकायच्या, का थांबायचं आणि एकच तक्रार रोज ऐकायची? हात मोजके असतील तर दुसरा मार्ग निवडणाऱ्याला मी दोष देत नाही. मात्र त्यांनी 'कधी' ऐवजी 'काय बाकी आहे' हे नियमितपणे सांगितलं, तर थांबणाऱ्याचा वेळ हलका होतो. स्टेशनवर आम्हाला तेवढंच हवं असायचं.

पाय ५ ची तऱ्हा आणखी निराळी. घोषणा २८ सप्टेंबर २०२३ ला, विक्री ऑक्टोबरअखेर. प्रोसेसर पाय ४ च्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा. पण एच.२६४ उलगडणारा खास भागच काढून टाकलेला. आता एचईव्हीसी तेवढं हार्डवेअर उलगडेल, बाकी सगळं मुख्य प्रोसेसरने आपल्या बळावर. बातमी आली तेव्हा अनेकांना वाटलं की हा चित्रघराचा बोर्डच नाही. मोबाइलवर घेतलेले, शाळेच्या दीक्षा अॅपवरचे, लग्नाच्या शूटिंगवाल्याने पेनड्राइव्हवर दिलेले व्हिडिओ बहुतेक एच.२६४ मध्येच असतात. प्रत्यक्षात प्रोसेसर इतका जोरकस आहे की १०८० ओळींचा व्हिडिओ तो सहज उचलतो. लिब्रेइलेकच्या चाचणी प्रती लवकर मिळाल्या आणि कोडी २१ वर उभी असलेली स्थिर आवृत्ती, लिब्रेइलेक १२, २०२४ मध्ये आली. पाय ४ च्या मानाने ही वाट फारच छोटी, कारण सामाईक रस्ता आधीच बांधून झाला होता. २०२१ मध्ये जे सोसलं त्याचं व्याज २०२४ मध्ये मिळालं.

पाय सोडून इतर बोर्डांचा आढावा लांबवण्यात अर्थ नाही, कारण त्यांची गोष्ट जवळपास एकच आहे. बोर्ड स्वस्त, चिप दमदार, कंपनी एक जुना कर्नेल जोडून देते आणि पुढच्या चिपकडे वळते. ऑलविनरच्या चिपवर व्हिडिओ उलगडायचा मुक्त ड्रायव्हर हवा म्हणून फ्रान्सच्या बूटलिन या कंपनीने २०१८ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली आणि ती जमलीही. ज्यांनी बोर्ड विकत घेतले त्यांनीच पुन्हा पैसे घालून तो चालता केला. पुढे अशा चिपसाठी एच.२६४ ची सामाईक पद्धत कर्नेलच्या ५.११ आवृत्तीत, २०२१ मध्ये, पक्की झाली. रॉकचिपच्या आरके३५८८ चे बोर्ड २०२२ पासून मिळू लागले. ताकदीने ते पायच्या पुढे, पण विकले जाऊन बराच काळ लोटला तरी मूळ कर्नेलमध्ये त्यांचा व्हिडिओ भाग मागेच रखडलेला. म्हणून कोणी स्वस्त पडतो म्हणून दुसरा बोर्ड घ्यायला निघाला तर मी हात धरतो. पायच्या किंमतीत कोडी आणि कर्नेलवर काम करणाऱ्या इंजिनियरांचा पगारही धरलेला आहे. तेच आपण विकत घेतो.

आता आमच्या गावाकडे येतो, कारण वरची सगळी चर्चा ४के पडदा आणि एचडीआर रंगांभोवती फिरते. ज्या घरात ४३ इंची टीव्हीसुद्धा हप्त्यावर आलेला आहे, तिथे सपोर्ट म्हणजे काय?

पहिली गोष्ट फ्री डिश. कौलावरच्या डिशची वायर यूएसबी ट्यूनरला, ट्यूनर बोर्डाला, आणि आत टीव्हीहेडएंड नावाचं सॉफ्टवेअर. ते चॅनल पकडून कोडीकडे देतं, हवं ते रेकॉर्ड करतं. लाइट गेल्यावर चुकलेली बातमी पुन्हा बघता येते, आणि शिकणाऱ्या पोरांना फार मोठा उपयोग म्हणजे स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्याचे शिक्षणाचे चॅनल डिशवरून इंटरनेटशिवाय मिळतात. २०१८ मध्ये पायसाठी टीव्ही हॅट नावाची ट्यूनरची पाटी आली तेव्हा मी आनंदलो होतो, पण ती जमिनीवरच्या मनोऱ्याचं प्रक्षेपण पकडणारी, डीव्हीबी-टी२ ची. आपल्याकडे ते मोजक्या शहरांपुरतं. नंदुरबारच्या डोंगरात डिशच हवी.

फ्री डिशचं बरंचसं चित्र अजून ५७६ ओळींचं, आणि तेही विणलेलं: आधी विषम ओळी, मग सम ओळी, सेकंदाला ५० वेळा. जुन्या काचेच्या टीव्हीला हे सहज पचायचं. सपाट पडद्यावर त्या ओळी एकत्र विणून दाखवाव्या लागतात, नाहीतर नाचणाऱ्याच्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. जुन्या पायवर हे काम व्हिडिओकोअर छान करायचा. नव्या वाटेवर पाय ४ आला तेव्हा हार्डवेअरने उलगडलेल्या चित्रासाठी ही सोय सुरुवातीला नव्हती. एमपेग-२ चा भार आता मुख्य प्रोसेसर उचलतो आणि ओळी मिटवण्याचा भारही त्याच्यावरच. पाय ४ आणि ५ ला एसडी चित्रासाठी ते जड नाही. पण बघा, ४के सिनेमाची सोय झाली तेव्हा जगभर जाहीर झालं की सपोर्ट पूर्ण झाला. ढोलावर नाचणाऱ्यांचे दात गेले का हे ज्याचं त्याने बघायचं.

दुसरी गोष्ट टीव्हीची. आमच्याकडे अजून अशी घरं आहेत जिथे काचेचा जुना टीव्ही चालू आहे. लाल-पांढरी-पिवळी पिन लावायची. पहिल्या पायवर पिवळ्या पिनेची जागा होती. पुढे ती हेडफोनच्याच भोकात आली आणि पाय ४ पर्यंत टिकली. पाय ५ ला ते भोकच नाही. सिग्नल अजून आहे, पण पाटीवरच्या दोन ठिपक्यांना वायर डाग देऊन काढावा लागतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला ते जमेल, घरच्या माणसाला नाही.

तिसरी गोष्ट वीज. पाय ३ ला अडीच अँपिअरचा चार्जर पुरायचा. पाय ४ ला ३ अँपिअर, पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर सांगितलेत. गावातल्या दुकानातला कोणताही मोबाइल चार्जर लावला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि चित्र अडखळतं. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट जाते. तिथे लिब्रेइलेकचा एक जुना गुण मला फार मोलाचा वाटतो: त्याचा मूळ भाग कार्डावर फक्त वाचायला असतो, त्यावर काही लिहिलं जात नाही. एकदम वीज गेली तरी बोर्ड बहुतेकदा पुन्हा उभा राहतो. पूर्ण संगणकासारखी प्रत घेतली तर कार्ड खराब व्हायची भीती जास्त. माझी तीन कार्डं अशी गेली आहेत.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी मी सगळ्यात जास्त थांबलो. अक्षरं.

कोडीच्या मेनूचं भाषांतर होणं ही एक गोष्ट. मात्र देवनागरी नीट दिसणं ही वेगळी गोष्ट. रोमन अक्षरं एकापुढे एक ठेवली की झालं. आपल्याकडे ऱ्हस्व इकार टंकलेखनात नंतर येतो पण दिसतो आधी. क आणि ष मिळून क्ष होतो. र कधी डोक्यावर चढतो, कधी पायाशी लोंबतो. हे जुळवायला हार्फबझ नावाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर लागतं. सबटायटलच्या वाटेवर ते बरंच आधी आलं होतं. कोडीच्या मेनूत मात्र कित्येक वर्षं नव्हतं. फाइलचं नाव 'विठ्ठल' लिहावं आणि पडद्यावर इकार भलत्याच जागी, ठ्ठ मोडून हलन्ताच्या पायासकट दोन ठ वेगळे उभे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मी ते कसं वाचायला सांगणार? म्हणून आम्ही सगळे रोमन अक्षरांत नावं द्यायला शिकलो. कोडीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हार्फबझ मेनूच्या अक्षरांसाठीही आलं, योग्य फाँट निवडला की देवनागरी जागच्या जागी बसते. आणि हे पाय ३ वरही चालतं, पाय ४ वरही. कुठल्याही नव्या बोर्डाशी त्याचा संबंध नव्हता. तरी माझ्या घरात गेल्या दहा वर्षांत सपोर्ट खऱ्या अर्थाने आला असं मी म्हणेन तो त्या दिवशी.

इथे काय मिळणार नाही तेही सांगून टाकतो. महिन्याचे पैसे घेणारी ओटीटी ॲप कोडीवर कंपन्या स्वतः देत नाहीत. त्यांच्या कॉपी रोखणाऱ्या कुलपाची वरची पातळी या बोर्डांना मिळत नाही, त्यामुळे चित्र उतरत्या दर्जाचं मिळतं किंवा मिळतच नाही. ज्याला फक्त मालिका आणि क्रिकेट बघायचं आहे आणि घरी चांगलं इंटरनेट आहे, त्याने टीव्हीला लावायची तयार स्टिक घ्यावी. वाट बघायची काही गरज नाही. कोडी आणि बोर्ड हे त्यांच्यासाठी आहे ज्यांचा संग्रह स्वतःचा आहे आणि ज्यांच्या गावात नेट दुपारी असतं आणि रात्री नसतं.

विकत घेण्याबद्दल एक. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याचं रोबू हे ऑनलाइन दुकान, दोन्ही ठिकाणी बोर्ड मिळतात आणि पार्सल नवापूरला येतं. पण २०२१ ते २०२३ मध्ये चिपच्या टंचाईत पाय दुर्मिळ झाला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये २ जीबीच्या पाय ४ ची किंमत कंपनीने ३५ वरून ४५ डॉलर केली, तशी अधिकृत वाढ प्रथमच होत होती, आणि आपल्याकडे मधल्या विक्रेत्यांनी त्यावर किती चढवले ते घेणाऱ्यांना आठवत असेल. पाय ४ चं सॉफ्टवेअर ज्या महिन्यांत अखेर तयार झालं त्याच महिन्यांत पाय ४ मिळेनासा झाला. दोन वाटा एकामागून एक.

तर भाच्याला द्यायचं उत्तर. बोर्ड घोषणेच्या महिन्यात घ्यायचा नाही. आपल्याला ज्या चार गोष्टी लागतात, डिशवरचं विणलेलं चित्र, आपल्या टीव्हीची पिन, आपल्या लाइटवर टिकणं, देवनागरी नावं, त्या एखाद्याच्या घरी चालताना बघायच्या आणि मग पैसे द्यायचे. त्या हिशोबाने आज नव्याने घ्यायचा तर मी पाय ४ सुचवतो, २ जीबीचा. पिवळ्या पिनेची सोय आहे, एच.२६४ चा खास भाग आहे, चार्जर परवडतो आणि त्याच्या वाट्याची वाट बघून झाली आहे. ज्याला चित्रघराबरोबर अभ्यासाचा संगणकही हवा त्याने पाय ५ घ्यावा. ज्याच्याकडे पाय ३ आहे त्याने काहीच घेऊ नये, कार्डावर नवी प्रत लिहावी.

भाच्याने शेवटी पाय ५ च घेतला, कारण त्याला प्रोग्रामिंग शिकायचं होतं, आणि ते बरोबरच होतं. त्याचा जुना पाय ३ माझ्या टीव्हीमागे आला. त्याला लावलेल्या पेनड्राइव्हवर माझ्या आईची, आमच्या मावची बोलीतली लग्नाची गाणी आहेत, मोबाइलवर घेतलेली, सत्तेचाळीस फाइली, कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांच्या नावांच्या. मावचीला स्वतःची लिपी नाही, ती आम्ही देवनागरीतच लिहितो. गेले काही रविवार मी आणि आई टीव्हीसमोर बसतो. एक गाणं लावायचं, हळदीचं का पाठवणीचं ते तिने सांगायचं, मी नाव टाइप करायचं, मग पडद्यावर ते नीट आलं का हे तिला दाखवायचं. ती शाळेत तिसरीपर्यंत गेली आहे. बोट लावून एकेक अक्षर वाचते. एकोणतीस झाली आहेत.